साडेअकराची नोंद

“पाय जरा काढ गे बाळ, मी उतरतें.”

नित्यानं पाय आत घेतला. पुढच्या सीटवरची बाई तिच्या शेजारून मागच्या दाराकडं गेली. एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातानं छातीशी धरलेलं मोठं तपकिरी पाकीट. ती पायरीवर पोचेपर्यंत नित्याच्या डोक्यात काहीच आलं नाही. मग आलं. बाई मराठीत बोलली होती. तंजावरच्या टाउन बसमध्ये, वीस मिनिटं नित्याकडं आणि आईकडं पाठ करून बसलेली, चारचौघींसारखी दिसणारी, वेणीत कनकांबराचा, अबोलीचा, गजरा घातलेली बाई सरळ मराठीत बोलली होती. आईनंही ऐकलं होतं. तिचा हात नित्याच्या मनगटावर आला आणि घट्ट झाला. “उठू नक्को,” आई म्हणाली, आणि आता ती कुजबुजत होती, वीस मिनिटं उशिरानं. “शाळेचा स्टॉप आहे, अम्मा.” “असूं दे. पुढच्याला उतरूं. शुम्मा, गप बस.” कंडक्टरनं शिट्टी दिली. शाळेची पिवळी भिंत खिडकीतून मागं गेली, आणि त्याच भिंतीच्या कडेनं फाटकाकडं निघालेली ती बाईही मागं गेली.

मराठी त्यांच्या घरात बोलतात ती भिंतींच्या आत. मेल वीधी या रस्त्याच्या मागच्या बोळात तशी पाच-सहा घरं आहेत, बाकी सगळा गाव तमिळ, आणि नित्याला मराठी वाचता येत नाही, फक्त ऐकता आणि थोडीफार बोलता येते. घराबाहेर तिचा उपयोग एकच, पडद्याचा. साडीच्या दुकानात आई दुकानदाराशी गोड तमिळ बोलते आणि मान न वळवता अप्पांना, नित्याच्या वडिलांना, सांगते, “दोनशे जास्त सांगटला, उठायचं सोंग कर.” लग्नात जेवताना शेजारच्या पानावरच्या माणसाविषयी त्याच्या शेजारी बसून बोलतात. चार वर्षांची असताना नित्या असलंच काहीतरी चुकून तमिळमध्ये बोलली होती, तेव्हा आईनं मांडीला काढलेला चिमटा तिला अजून आठवतो. मराठा राजांबरोबर आलेली भाषा, आता भाव पाडायला उरली, असं अप्पा म्हणतात आणि स्वतःच हसतात. पडद्यापलीकडंही कोणी मराठी असेल हे या पाच-सहा घरांपैकी कोणाच्याच ध्यानात राहत नाही. पकडलं गेल्याची एकेक गोष्ट प्रत्येकाकडं असते, ती पाहुण्यांना हसत हसत सांगतात. आज आई हसत नव्हती. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता आणि तो पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

कारण त्या वीस मिनिटांत काय काय बोलून झालं होतं! नित्या ते पहिल्यापासून लावायला लागली. लावणं हाच तिचा उद्योग होता, कुठलीही गोष्ट झाली की तिची फीत मागं नेऊन पुन्हा पुन्हा पाहायची, आणि दर वेळी त्यात ती स्वतःलाच थोडी जास्त वाईट दिसायची. बस सुटल्यावर आई सुरू झाली होती, परीक्षकानं विचारलं तर टायफॉइड म्हण, दुसरं कायही बोलू नक्को, सर्टिफिकेट तसंच काढलं आहे. तीनदा. नेहमीच्या आवाजात. मग नित्या म्हणाली होती, टायफॉइड नक्को, मला वेड लागलंय म्हणून सांग, अस्कं, सगळंच, सोपं होईल. मग आई डोळे पुसायला लागली, आणि तिला हसवायचं म्हणून, केवळ तेवढ्यासाठी, नित्यानं पुढच्या बाईच्या डोक्याकडं बोट केलं. भांगात तीन बोटं पांढरं होतं आणि त्याखाली कुळकुळीत काळं. “हिला बघ, रंग मध्येच संपला वाट्टे. अर्धं डोकं म्हातारं, अर्धं कॉलेजात.” सहा महिन्यांतला नित्याचा तो पहिला विनोद. आई एवढी खळखळून हसली की कंडक्टरनं वळून पाहिलं. पुढची बाई तेवढी वळली नव्हती.

पुढच्या स्टॉपवरून दोघी उन्हात परत शाळेकडं चालत आल्या. फेब्रुवारी असूनही डांबर तापलं होतं. आई सांगत होती, कोणीतरी टीचर असेल, प्रायमरीची असेल, काय कळ्ळं असेल तिला, आपण काय नाव घेटलं का कोणाचं? पण ती नित्याशी बोलत नव्हती, स्वतःला समजावत होती. नित्या पावलं मोजत होती. बारावीची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल परीक्षा साडेनऊला होती. ही आजची चुकली किंवा आज ते सर्टिफिकेट खोटं ठरलं की वर्ष गेलं. सप्टेंबरपासून ती शाळेत आलीच नव्हती. हजेरी कमी, प्रयोगाची वही अर्धी कोरी, आणि त्या दोन्हींवर पांघरूण म्हणून ओळखीच्या डॉक्टरांचा एक कागद. खरा कागद दुसरा होता, त्यावर डिप्रेशन लिहिलं होतं, आणि तो आईनं देवघरातल्या फडताळात हळदीच्या डब्याखाली ठेवला होता. देवालाही दिसू नये अशा बेतानं.

टायफॉइड कोणालाही होतो. हे कोणाला होतं? नित्यालाही ते नीट सांगता यायचं नाही. सुरुवात एवढीशी होती. ऑगस्टमध्ये प्रार्थनेच्या वेळी तिला बातम्या वाचायच्या होत्या. तिसऱ्या ओळीत तिला आपलाच आवाज स्पीकरमधून ऐकू आला आणि हा आवाज किती चिरका आहे असं वाटलं, आणि ते वाटत असताना चौथी ओळ सापडेना. दहा सेकंद. फार तर पंधरा. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. ते हसू तिच्यावर होतं की नाही हे तिला आजही माहीत नाही, पण तेव्हापासून ते थांबलेलं नाही. वर्गात हात वर करताना, पाणी पिताना, चालताना, ती स्वतःच्या दोन पावलं मागं उभी राहून स्वतःकडं पाहायची. किती वाकून चालते ही. किती वेळ लावते उत्तर द्यायला. मग अंथरुणातून उठणं बंद झालं. अप्पा दारात उभं राहून म्हणायचे, “विचार करू नक्को, बस्स,” आणि ती दिवसभर विचार न करण्याचा विचार करायची. अप्पांचा तिला राग यायचा. मग अप्पांचा राग येणारी मुलगी म्हणून स्वतःचा यायचा.

समुपदेशनाला ती ज्यांच्याकडं जायची त्या संगीता मॅडमनी तिच्या फोनवर एक ॲप घालून दिलं होतं. दिवसातून सहा वेळा, कधीही, फोन वाजायचा आणि दोन प्रश्न विचारायचा. मन किती वाईट आहे, शून्य ते दहा. आत्ता विचार स्वतःबद्दल किती चालला होता, शून्य ते दहा. महिन्यानं मॅडमनी आलेख दाखवला. लाल रेघ मनाची, निळी स्वतःची, दोघी शाळेला निघालेल्या बहिणींसारख्या बरोबर चढत आणि बरोबर उतरत होत्या. उतरत कमीच. “म्हणजे मी स्वार्थी आहे,” नित्या म्हणाली. “असं मी कुठं म्हटलं? नुसतं बघ,” मॅडम म्हणाल्या. घरी येऊन नित्यानं तीन दिवस आपण स्वतःबद्दल एवढा विचार का करतो याचा विचार केला आणि प्रत्येक वेळी दहा भरलं. हे तिला स्वतःलाही हास्यास्पद वाटलं होतं. त्याचंही तिनं वाईट वाटून घेतलं.

फाटकापाशी तिनं फोन आईकडं दिला, परीक्षेत नेता येत नव्हता. आई करंजाच्या झाडाखालच्या कट्ट्यावर बसली. “टायफॉइड,” ती पुन्हा म्हणाली, पण या वेळी फक्त ओठ हलवून.

लॅबमध्ये पंधरा मुली पांढऱ्या कोटात ओळीनं उभ्या होत्या. ॲसिडचा वास तसाच होता, जिभेच्या मुळाशी लागणारा. सौम्या, जिच्याशेजारी ती चार वर्षं बसली होती, तिच्याकडं पाहून हसली आणि नित्यानं ते हसू तपासायला घेतलं. दयेचं आहे का? मागच्या रांगेतलं तेच आहे का? तपासून होण्याआधीच दार उघडलं. केमिस्ट्रीचे गणेशकुमार सर आत आले, त्यांच्यामागं पापनाशमच्या शाळेतून आलेल्या परीक्षक जयलक्ष्मी मॅडम. कनकांबराचा गजरा. तपकिरी पाकीट. भांगात तीन बोटं पांढरं.

नित्याच्या कानात एक शिट्टी वाजायला लागली. बाकी सगळं लांब गेलं. पाकीट फोडलं गेलं, चिठ्ठ्या उचलल्या गेल्या, तिच्या हातात आलेल्या चिठ्ठीवर फेरस सल्फेटचं अनुमापन लिहिलं होतं, हे ती वाचत होती आणि तरी वाचत नव्हती. जयलक्ष्मी मॅडम एकेका टेबलाशी थांबत वह्या पाहत येत होत्या. तिच्या टेबलाशी सर पुढं झाले आणि तमिळमध्ये सांगू लागले, मॅडम, ही मुलगी आजारी होती, टायफॉइड, वही पूर्ण नाही, हे सर्टिफिकेट. मॅडमनी कागद घेतला. चष्मा वर करून वाचला. किती वेळ! चार ओळींचा तर कागद. नित्या स्वतःला बाहेरून पाहत होती, मान खाली, कोटाचं बटण चुकीच्या काजात, खोटारडी. आता म्हणेल. आता सरांकडं वळून म्हणेल, सकाळी बसमध्ये हिची आई काय बोलत होती ते ऐका. मग हेडमिस्ट्रेसची खोली, मग आईला कट्ट्यावरून बोलावतील, आई पदर सावरत येईल आणि सगळ्यांसमोर तमिळमध्ये रडेल. हे सगळं नित्याला एवढं स्पष्ट दिसलं की ते होऊनच गेलं असं वाटलं.

“टायफॉइड,” मॅडम म्हणाल्या. कागद वहीत ठेवला आणि पुढच्या टेबलाकडं गेल्या.

हे जास्त वाईट होतं. म्हणजे राखून ठेवलंय, तोंडी परीक्षेला काढणार. नित्यानं ब्युरेटमध्ये जांभळं परमँगनेट भरलं. हात एवढा कापत होता की नरसाळ्यातून थेंब सांडून बोटं तपकिरी झाली. पिपेटनं वीस मिली फेरस घेतलं, ॲसिड घातलं, फ्लास्क पांढऱ्या टाइलवर ठेवून तोटी फिरवली. एकेक थेंब पडायचा, जांभळा दिसायचा आणि नाहीसा व्हायचा. ज्या थेंबाला रंग जाणार नाही, फिकट गुलाबी टिकेल, तिथं थांबायचं. एक थेंब पुढं गेला की पुन्हा पहिल्यापासून. तिचा पहिला पुढं गेला, कारण ती फ्लास्ककडं पाहत नव्हती, आपल्या कापणाऱ्या हाताकडं पाहत होती, आणि हा हात कोणाकोणाला दिसतोय ते पाहत होती. दुसराही गेला. फ्लास्कभर भडक गुलाबी. सौम्यानं मान वळवली. नित्याला वाटलं, आता पळावं. दार दहा पावलांवर होतं. बाहेर अम्मा होती, ती काही बोलणार नाही, नुसती पिशवी उचलेल आणि दोघी घरी जातील, आणि पुन्हा ते अंथरूण, पुन्हा ती भिंत, कॅलेंडरवरचा तो एकच देव. तिनं ब्युरेट सोडली. एक पाऊल टाकलंही.

“हळू कर. घाई काय आहे?” मागून आवाज आला. हळू, फक्त तिलाच ऐकू जाईल एवढा, आणि मराठीत.

जयलक्ष्मी मॅडम तिच्या खांद्यामागं उभ्या होत्या. सर लांबच्या टेबलाशी कोणाचा तरी बर्नर पेटवून देत होते. सहा महिने डॉक्टरांपुढं, संगीता मॅडमपुढं, अप्पांपुढं अडकून राहिलेलं तिचं तोंड नेमकं आता उघडलं. “मी बसमध्ये बोलटलें ते,” ती म्हणाली, “तुमच्या केसांचं. आणि ते दुसरं. अम्मानं माझ्यासाठीच काढलं ते सर्टिफिकेट. तिला काय करू नक्का.”

मॅडमनी तिच्या वहीची पानं उलटली, तपासत असल्यासारखी. “टायफॉइडमध्ये केस गळतात, बाळ,” त्या म्हणाल्या. “मूठ मूठ येतात हातात. तुझी वेणी मनगटाएवढी आहे. सर्टिफिकेट काढायचंच तर अंगाला शोभेल अशा रोगाचं काढावं.” नित्याला पहिल्यांदा वाटलं आपण चूक ऐकलं. मॅडम हसत नव्हत्या, पण त्यांची हनुवटी थरथरत होती, आणि ते हसू दाबल्यानं नव्हतं. “वही अर्धी आहे, मार्क अर्धेच देणार. बाकी मला काय कळ्ळं नाही. सगळं ऐकलं, खरं सांगतें, पण शब्दांकडं लक्ष कोठें होतं माझं? वळलें असतें तर तुम्ही बोलायचं थांबला असतां.”

मार्गळीत, डिसेंबर-जानेवारीत, त्यांची आई गेली, त्या म्हणाल्या. वर्षभर अंथरुणाला होती, शेवटी शेवटी तमिळ विसरली, नर्सशी मराठीत भांडायची आणि मधे दुभाषी म्हणून यांनी उभं राहायचं. केसांना रंग लावणं तेव्हाच राहिलं. भाऊ चेन्नईला, त्याच्या मुलांना मराठी येत नाही. घरात आता कोणाशी बोलायचं? “आज मागून तुझी आई हसली ना,” त्या म्हणाल्या, आणि वहीवर सही करायला वाकल्या, आणि सही करता करता पेन थांबलं. नित्यानं त्यांचा हात पाहिला. नखांशी सोललेला, खडूनं फाटलेला, आणि कापत होता. तिच्या हातासारखाच. पेनचं टोक कागदावर एकाच जागी निळा ठिपका मोठा मोठा करत होतं.

“त्या तुम्हाला काय म्हणून हाक मारायच्या?” नित्यानं विचारलं.

मॅडमनी वर पाहिलं. एवढ्या वयाच्या बाईचा चेहरा असा एकदम लहान होतो हे नित्यानं कधी पाहिलं नव्हतं. “बुड्डी,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांत धाकटी मी, आणि म्हातारीसारखी बोलायची म्हणून. पन्नाशीला आलें तरी बुड्डी. आता नावाला साजेसे केस झाले, तर हाक मारायला ती नाही.” भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून त्यांनी नाक पुसलं, चष्मा नीट केला. “साडेअकरा झाले. तिसरा प्रयत्न कर. फ्लास्ककडं बघ, माझ्याकडं नक्को.” मग जरा आवाज चढवून, सरांना ऐकू जाईल असं, तमिळमध्ये विचारलं की यात वेगळा दर्शक का लागत नाही. परमँगनेट स्वतःच दर्शक आहे, नित्या म्हणाली, त्याचा रंगच सांगतो. आवाज चिरका आला की नाही ते तिनं ऐकलं नाही.

तिसऱ्यात शेवटचा थेंब पडला आणि फिकट गुलाबी टिकला. चौथ्यातही तेवढ्यावरच. बाहेर आली तेव्हा एक वाजत आला होता.

आई तिला पाहून उठून उभी राहिली. डबा उघडलाच नव्हता. “काय झालं?”

“तीच परीक्षक होती, अम्मा. बसमधली.”

आईनं झाडाच्या बुंध्याला हात लावला. “अय्यो. ऐकलं तिनं?”

“अस्कं. केस का गळले नाहीत म्हणून विचारटली. अर्ध्या वहीचे मार्क कापणार. कोणाला सांगत नाही.” आई कट्ट्यावर बसली ती बसलीच. थोड्या वेळानं तिनं डब्याचं झाकण काढलं, ते पदरानं पुसलं, पुन्हा लावलं. मग तिला काहीतरी आठवलं आणि ती अपराध्यासारखी म्हणाली, “तुझा फोन वाजला होता. साडेअकराला. रिकामं सोडलं तर संगीता मॅडम विचारतील म्हणून मीच भरलं. चूक झाली का?”

नित्यानं फोन घेतला. साडेअकरा. त्या वेळी आपण कशा दिसत होतो, कोटाचं बटण लागलं होतं का, हात कुठं होते, हे ती आठवायला लागली आणि तिला सापडेना. त्या जागी फक्त एका बाईचा चेहरा होता आणि एक निळा ठिपका. तिनं नोंद उघडली. मन किती वाईट, दहा. विचार स्वतःबद्दल किती, शून्य. आलेखावर लाल रेघ टोकाला होती आणि निळी एकदम तळाला.

“हे असं कसं भरलंस?”

“तुझं आत काय चाललंय ते मला कसं कळेल?” आई म्हणाली. “माझं होतं ते घातलं.”

रस्त्यावरून एक बस गेली, त्यांची, थांबून गेली. नित्या त्या दहाकडं पाहत होती. सहा महिन्यांत तिनं आईला हे कधी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

“कधीपासून दहा आहे, अम्मा?”

आईनं डब्याच्या झाकणावरून नजर काढली नाही. “ऑगस्टपासून,” ती म्हणाली.